सावधानरावांचा अंगठा

आपल्या हद्दीत अपघात होत नाही, असं सावधानराव छातीठोकपणे सांगत. ते कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. जिन्यात 'पायरी ओली आहे', यंत्रापाशी 'हात आत घालू नये', आणि एका वळणावर तर 'फलक वाचताना समोर पाहावे' असाही फलक त्यांनी लावला होता. त्या शेवटच्या फलकावर आपटून एका फोरमनचं नाक फुटलं, पण सावधानरावांच्या मते त्याने तो नीट वाचला नव्हता.

अशा माणसाची आई डास चावून गेली. तापाची साथ होती आणि सावधानराव त्या आठवड्यात कारखान्यात साथीचे फलक लावत होते. आईचं सगळं आटोपून घरी आल्यावर धाकटी बहीण दारातच म्हणाली, "दादा, जगासाठी एवढे फलक लावतोस. आईच्या खाटेला एक मच्छरदाणी बांधता आली नाही तुला?" ती तशीच निघून गेली आणि पुन्हा त्या घरात आली नाही.

आता अण्णांची, म्हणजे वडिलांची, वेळ आली होती. त्यांच्या आजाराला नाव मोठं होतं आणि औषध नव्हतं. डॉक्टरांनी सावधानरावांना बाहेर बोलावून सांगितलं, "ज्यांना भेटायचं असेल त्यांना लवकर बोलावून घ्या." अण्णांची मागणी एकच होती. धाकटीचा आवाज एकदा ऐकायचा. जन्मभर लेथ यंत्राच्या खडखडाटात काम करून त्यांचे कान गेले होते, आणि कानामागे श्रवणयंत्र अडकवलं तरच ऐकू येई. सावधानरावांनी मन घट्ट करून बहिणीला फोन लावला. ती येते म्हणाली आणि लगेच फोन ठेवला.

त्यातच शेजारच्या इमारतीत पुन्हा ताप निघाला, आणि सावधानरावांचं धाबं दणाणलं.

"या घरात डास शिरेल, पण चावणार नाही," त्यांनी बायकोला जाहीर करून टाकलं आणि औषधांचं दुकान गाठलं. धुराची कांडी नको, अण्णांना खोकला येतो. सुवासिक तेल नको, त्याचा वास डासाच्या आधी उडून जातो. "डासांचं सगळ्यात जास्त टक्केवालं मलम द्या," ते म्हणाले.

"औषधाचे टक्के जास्त म्हणजे जास्त वेळ टिकतं, साहेब. जोर जास्त असं काही नाही," दुकानदार म्हणाला. "पेशंटला साधं पुरेल. आणि कपड्यांच्या आत लावू नका. बाकी ट्यूबवर लिहिलंय, तेवढं..."

"मी सुरक्षा अधिकारी आहे," सावधानराव म्हणाले, आणि विषय संपला.

ट्यूब वापरायची त्यांची एक शिस्त होती. शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणायची, म्हणजे थेंब वाया जात नाही. सूचना शेपटाकडेच बारीक अक्षरात छापल्या होत्या, त्यामुळे त्या पहिल्या दिवशीच गुंडाळीत गेल्या.

मग अण्णांचं लिंपण सुरू झालं. मान, हात, पाय, सदऱ्याच्या आत पोट आणि पाठ. कानामागे तर दोनदा, कारण आईला डास तिथेच चावला असणार असं सावधानरावांनी का कोण जाणे मनाशी धरलं होतं. "अरे पुरे कर," अण्णा म्हणत. "माझी काही भिंत नाही झालेली." सावधानराव मान डोलवत आणि आणखी एक हात देत. तेच हात घेऊन ते घरभर फिरत.

घरातल्या वस्तू चिकटायला लागल्या. रिमोटची बटणं दाबली की वर येईनात. बायकोच्या चष्म्याचं भिंग धुरकटलं. सावधानरावांच्या स्वतःच्या घड्याळाच्या काचेवर साय धरली. त्यांनी ताबडतोब चौकशी बसवली.

"स्वयंपाकघरातून कुणीतरी चिकट हातांनी बाहेर येतंय," त्यांनी निष्कर्ष काढला. स्वयंपाकघरात जाणारं माणूस घरात एकच होतं.

"कुणीतरी म्हणजे मी," बायको म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

पुरावा मात्र पक्का होता. रिमोटच्या पाठीवर अख्खा अंगठा उमटला होता, अगदी रेघ न् रेघ. सावधानरावांनी बायकोचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर घेतला आणि भिंगाखाली धरला. जुळेना.

"आता तुमचा घ्या," ती शांतपणे म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

त्यांचा जुळला. मधोमध लहानपणी कापल्याची खूण होती, तीसुद्धा जुळली. याच अंगठ्याने आपण अण्णांच्या कानामागे दोनदा मलम चोळलं, हे त्यांना आठवलं. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते अण्णांच्या खोलीकडे धावले.

अण्णा छताकडे बघत पडले होते. "आज सगळे एवढे गप्प का?" त्यांनी विचारलं. "मी गेलो की काय?"

कानामागचं यंत्र हातात घेतलं तर ते मऊ पडलेलं, वर तोच अंगठा, आणि बॅटरीचं झाकण असं चिकटलेलं की नखाने निघेना, सुरीने निघेना. आतली बॅटरी संपली होती. बायकोने ट्यूबची गुंडाळी उलगडली आणि दाराशी येऊन मोठ्याने वाचलं, "प्लास्टिकपासून दूर ठेवावे. कपड्यांच्या आत लावू नये. काम झाल्यावर साबणाने धुवावे." सदरा काढला तर पोटावर लाल चट्टे उठले होते. दोघांनी मिळून अण्णांना साबणाच्या पाण्याने पुसून काढलं. श्रवणयंत्राच्या दुकानात फोन केला, तर नवीन यायला आठवडा लागेल म्हणाले. डॉक्टरांनी आठवड्याची खात्री दिलेली नव्हती.

तेवढ्यात खाली गाडी थांबली.

धाकटी आली ती थेट खाटेपाशी गेली. "अण्णा," ती म्हणाली. अण्णांनी कानात प्राण आणून तिच्या ओठांकडे पाहिलं आणि नुसते हसले. तिने पुन्हा हाक मारली.

"यंत्र बंद पडलंय," सावधानराव म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आई गेली त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. ते ट्यूब मुठीत धरून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. हा दुसरा अपघातही त्यांच्याच हद्दीत झाला होता.

आत अण्णांनी लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात कुजबुजायला सुरुवात केली. पण आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. चालू लेथशेजारी उभं राहून बोलावं तसे ते कुजबुजले. खिडक्या उघड्या होत्या.

"चिमणे, त्याला बोलू नकोस. यंत्र त्याच्या मलमाने विरघळलं. घड्याळही खाल्लंन त्या मलमाने. मी म्हणेन माझ्या हातून पाण्यात पडलं. तू हो म्हण."

सावधानराव भिंतीला टेकले.

"घाबरतो गं तो. आई गेल्यापासून नाकासमोर हात धरून माझा श्वास बघतो. मी झोपेचं सोंग घेतो. तू भांडलीस ना, ते तो रोज स्वतःशी भांडतो. माझं आता झालंच आहे. माझ्यामागे त्याच्याकडे बघायला कोणी नाही. बायको आहे, पण तिला तरी एकटीने किती पुरणार? तू येत जा. आणि मी हे बोललो ते त्याला सांगू नकोस."

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंचं मशीन केव्हाच थांबलं होतं. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, "नाही सांगत हो, अण्णा. इमारतीतलं कुणीच नाही सांगणार."

अण्णांना ते ऐकू गेलं नाही. दाराबाहेर सावधानराव हाताने डोळे पुसायला गेले, तर हाताला ट्यूबवरचं मलम लागलेलं होतं, आणि मग डोळ्यांतून आणखीच पाणी यायला लागलं.

बऱ्याच वेळाने धाकटी बाहेर आली. तिचेही डोळे लाल होते, मलम न लावता. तिने बाही वर सरकवली आणि दादासमोर हात धरला.

"डास आहेत खूप," ती म्हणाली. "लाव."

सावधानरावांनी ट्यूबचं झाकण उघडलं. अंगठ्यावर मलम घेतलं आणि तिच्या मनगटाकडे नेलं.

"थांब, दादा," ती म्हणाली. "आधी घड्याळ काढू दे."