दलेन्दाचा दिवा

दलेन्दाच्या कानामागे चमेलीचा गुच्छ दिसला आणि तिच्या नवऱ्याचं, मोंजीचं, डोकं फिरलं.

"कुणी दिला?"

"रऊफने. दारावर फुलवाला आला होता, सगळ्यांसाठीच घेतले त्याने."

"मला नाही दिला तो!"

"तू वर तुझ्या दिव्यांच्या खोलीत. तिथे शिडी चढून कोण मरायला येणार?"

स्फाक्स शहरातल्या नाट्यगृहात मोंजी बारा वर्षं प्रकाशयोजना करत होता आणि दलेन्दा त्याच्याच उजेडात बारा वर्षं नायिका होती. रऊफ मात्र राजधानीतून आलेला, मालिकांतला, कुरळ्या केसांचा. मोंजीला टक्कल होतं. या नव्या नाटकात त्याला आवडणारी एकच गोष्ट होती: तिसऱ्या अंकातली ताटातूट. दोन प्रेमिक, मध्ये आठ पावलांचं अंतर, ज्याच्या-त्याच्यावर आपापला उजेड.

त्या संध्याकाळच्या प्रयोगात मोंजीने रऊफवरचा उजेड ऐंशी टक्क्यांवरून साठावर आणला. कुणाला कळायचं नाही, असा त्याचा हिशेब. पण रऊफ मुरलेला नट. असे नट उजेड बघत नाहीत, गालावरच्या उबेवरून ओळखतात. ऊब कमी झाली तसा तो बोलता बोलता दोन पावलं उबेकडे सरकला. म्हणजे दलेन्दाकडे.

दुसऱ्या दिवशी मोंजीने चिडून तो चाळिसावर आणला. रऊफ पाच पावलं सरकला. तिसऱ्या दिवशी पंधरा! रऊफ थेट दलेन्दाच्या उजेडात शिरला, आणि तिथे दोघांना जागा पुरेना म्हणून त्याने तिच्या कमरेला हात घातला. प्रेक्षकांनी टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

प्रयोगानंतर दिग्दर्शक सी तौफिक, म्हणजे आपल्याकडचे तौफिकराव, डोळे पुसत खालूनच ओरडले, "सी मोंजी, कमाल केलीत! माणूस अंधारातून प्रेमाकडे येतो! मला कसं नाही सुचलं?"

"पण साहेब, ताटातूट आहे ना ती..."

"ताटातूट गेली खड्ड्यात! उद्यापासून मिठीच मारू दे."

मिठी! दुसऱ्या दिवशी दुपारी मोंजीने माशाच्या कुसकुसाचं जेवण अर्ध्यावर सोडलं. ताट सरकवून तो नाट्यगृहात आला. तिथला सगळ्यात चांगला दिवा, मधाच्या रंगाचा जिलेटिन कागद लावलेला, त्याने काढला आणि दलेन्दापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर रोखला. पूर्ण शंभरावर. "बस आता तिथेच शेकत," तो पुटपुटला. दलेन्दावर साधा दिवा लावला.

युक्ती लागू पडली. तिसऱ्या अंकात रऊफ उन्हातल्या मांजरासारखा त्या कोपऱ्यात सुखाने उभा राहिला, मिठीबिठी विसरला. मोंजीने हुश्श केलं.

तेवढ्यात दलेन्दा निघाली. एक पाऊल, दोन, चार, आठ. मोंजीचं काळीज तुटलं. ती रऊफपाशी पोहोचली, कोपराने त्याला अंधारात ढकललं आणि तोंड वर करून आपलं भाषण तिथेच पूर्ण केलं.

पडदा पडताच शिडी करकरली. बारा वर्षांत पहिल्यांदा दलेन्दा वर आली होती, धापा टाकत.

"तो दिवा कुणाचा रे?"

"कुठला?"

"साळसूदपणा पुरे! बारा वर्षं माझ्या तोंडावर असतो तो. आज त्या कुरळ्याच्या? फुलं काय, मी फुलवाल्याकडूनही घेईन. पण माझा दिवा तू दुसऱ्याला दिलासच कसा?" तिचे डोळे भरून आले.

आपल्यावरूनही कुणी जळू शकतं हे मोंजीला नवीन होतं. त्याला इतका आनंद झाला की टक्कलसुद्धा लाल झालं.

"उद्या सकाळी परत लावतो."

"उद्या नाही, आत्ता. शिडी मी धरते."

खालच्या अंधारातून रऊफचा आवाज आला, "सी मोंजी, उद्या मी नक्की कुठे उभा राहू?"

"आहेस तिथेच!" नवरा-बायको एकदम ओरडले.