वेंडेलचे चौदा टक्के

लोर्नाच्या गांजाच्या दुकानात गिऱ्हाईक बरणीत नाक खुपसायचं खरं, पण विकत घ्यायचं ते पाटीवरचा आकडा बघून. टक्के जास्त तेवढी नशा कडक आणि तेवढा भाव चढा, हा गांजा उघड विकायची मुभा असलेल्या अमेरिकेतल्या ओरेगनचा रिवाज. त्यामुळे तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, जीव लावून पिकवलेला चौदा टक्क्यांचा माल फळीवर धूळ खात होता.

"यंदा खपला नाही तर शेत मोडतो आणि तुझ्या भावाच्या टायरच्या दुकानात बसतो," वेंडेल म्हणाला. आपला भाऊ कसा आहे हे लोर्नाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती फार घाबरली.

शनिवारी फळी पुसताना घाईत दोन पाट्यांची अदलाबदल झाली. वेंडेलच्या बरणीला एकतीस टक्के आणि पंधरा डॉलर ग्रॅम अशी पाटी लागली, कडक मालाला चौदा टक्के आणि पाच डॉलर.

गावचा स्वयंघोषित जाणकार रस्क आला. वेंडेलची बरणी हुंगून त्याने डोळेच मिटले.

"याला म्हणतात माल! नाहीतर तुझ्या नवऱ्याचा पाला. बकरीसुद्धा तोंड लावायची नाही."

सोमवारी तो तोच माल आणखी घ्यायला पुन्हा आला. पाठोपाठ ऑर्व्हिल, बसचा निवृत्त ड्रायव्हर. हा नेहमी स्वस्तातलाच घ्यायचा.

"अगं पोरी, काय दिलंस हे? झाडांना पाणी घालायला पाईप धरला, तो बायकोने ओढून घेईपर्यंत धरूनच उभा! गुलाबांचं तळं झालंय."

लोर्नाने बरण्या पाहिल्या आणि पाट्यांची अदलाबदल तिच्या लक्षात आली. तिने पाट्या जागच्या जागी लावल्या.

"रस्क, तू नेलास तो चौदावाला होता रे. पैसे परत घे."

रस्क कानापर्यंत लाल झाला. "मला काय कळलं नाही होय? आकडे बघणारे वेगळे, चव कळणारे वेगळे. तोच दे!" मग त्याची नजर पाटीवर गेली. "पाच डॉलर? एवढा स्वस्त? म्हणजे काहीतरी खोट असणार."

मागे उभ्या वेंडेलने खिशातलं पेन काढलं आणि पाचाच्या आधी एकाचा आकडा लिहिला. टक्के चौदाच ठेवले.

"हां, आता पटलं," रस्क म्हणाला.

चवीची कीर्ती त्यानेच गावभर केली. वेंडेलच्या तोंडून टायरचा विषय गेला. कडक मालाला मात्र कुणी विचारेना, म्हणून लोर्नाने त्याचा भाव पाडला.

"माझा नेहमीचा दे," पुढच्या आठवड्यात ऑर्व्हिल म्हणाला.

"काका, तो आता पंधराला. स्वस्तातला म्हणजे हा एकतीसवालाच."

ऑर्व्हिलने सुस्कारा सोडला. "दे मग. बायकोला सांगतो, आधी नळ बंद कर."