आधी हवेत फिरवा

वाळूजच्या आमच्या कारखान्यात डब्याच्या पिशवीतून लाटणं घेऊन येणारा माणूस एकच, दगडूभाऊ काळे. गेटवरच्या वॉचमनने एकदा हटकलं, तर म्हणाले, "तू तुझी काठी संभाळ, मी माझी संभाळतो."

आमच्या मिलिंग मशीनला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, गोल फिरवणारी रोटरी बसवलेली आहे. तिचा प्रोग्रॅम मी संगणकावर लिहिते. दगडूभाऊ मात्र कागदावर खाचेची रेघ ओढणार, तो लाटण्याला गुंडाळणार आणि एक डोळा मिटून बघणार. "कागद सपाट, जॉब गोल. समदं भांडण हितंच हाय." माझ्या सॉफ्टवेअरला ते 'तुझा सिनेमा' म्हणत. राग यायचा, कारण लाटणं सहसा चुकायचं नाही.

दुसरं वेड म्हणजे "आधी हवेत फिरवा!" कापणारं टूल जॉबच्या वर उचलून अख्खा प्रोग्रॅम एकदा रिकामा चालवायचा, मगच कापायचं. आमचा फिटर मुलगी बघायला कन्नडला निघाला, तेव्हा त्यालाही हाच सल्ला. "आदल्या दिशी गल्लीतनं नुसता फिरून ये." बिचारा फिरला आणि मुलीच्या काकाने त्याला चोर म्हणून धरला.

मी तिथे नवीनच होते तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाइकासमोर एका दांड्यावर नागमोडी खाच पाडायची होती. दांडा एकच, प्रोग्रॅम माझा. दगडूभाऊ तो मशीनवर वाचत होते, तेवढ्यात साहेब आले.

"वेळ नाही. बटण दाबा."

"नाय दाबत. आधी हवेत."

"मेमो देईन. उद्यापासून मशीनवर दिसणार नाही तुम्ही."

"द्या की. पण हवेत फिरवल्याबिगर हिला कुणाला हात लावू देणार नाय." आणि मशीनच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. गिऱ्हाईक बंद मशीन बघून परत गेलं. मेमोवर दगडूभाऊंनी ठसठशीत सही केली.

जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाले, "देवळाला प्रदक्षिणा घातली की आपण पुन्हा दारातच येतो ना? मशीनला तसं कळत नाय. तू तीनशे साठ अंशांवर नेऊन लगेच शून्य लिहिलंस. ती अख्खी प्रदक्षिणा उलटी फिरली असती, टूल खाचेत असताना."

मी हातातला घास खाली ठेवला. "मग साहेबांना सांगायचं ना, चूक माझी आहे म्हणून!"

"माझ्या हातनं एकदा धडकली व्हती मशीन. नऊ वर्षं स्टोअरात बसवलं. डबा खायलासुदिक शेजारी कुणी येत नव्हतं. लई वाईट असतं ते. तू नको बसूस तिथं."

मला भयंकर लाज वाटली. मी त्यांच्यासमोरचा मेमो उचलला आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले.

"ए पोरी, खाली बस गुमान!" दगडूभाऊ ओरडले.

"नाय बसत," मी म्हणाले आणि दार ढकललं.