निवृत्ती बापूच्या परमुलखातल्या सुट्ट्या

एक जानेवारीला सकाळी गल्लीत डांगर शिजल्याचा वास सुटला की समजायचं, निवृत्ती बापूचं वर्ष लागलं. डांगर म्हणजे लाल भोपळा. त्याचं पातळ सार करून बापू दारोदार तांब्यानं वाढत फिरतो. का, तर हैती नावाच्या देशात गुलामांनी हे सार रांधायचं आन् मालकांनी प्यायचं, अशी रीत होती म्हणे. एक जानेवारीला गुलाम मोकळे झाले आणि त्यांनी ते सार स्वतः प्यायलं. हैती कुठं आहे ते मला ठाऊक नाही. बापूलाही नसावं, कारण मी विचारलं तेव्हा त्यानं आधी कुर्डुवाडीकडं हात केला, मग बार्शीकडं. सार मात्र चांगलं असतं. गूळ जास्त पडतो, हे मी दरसाल सांगतो आणि तो दरसाल ऐकत नाही.

माझी शाळा चौथीतच सुटली. तरी लिहितोय, कारण गल्लीतली शिकलेली माणसं बापूवर नुसती हसतात. मी त्याचा शेजारी, त्याच्याहून सहा वर्षांनी थोरला. गल्ली त्याला बापू म्हणते, मी हाक मारताना निवृत्तीच म्हणतो; लिहिताना मात्र गल्लीचंच नाव घेतो.

तो इथं परंड्यातच शाळेत शिपाई होता. झेंड्याची गाठ मारावी तर त्यानंच. आत फुलं गुंडाळून अशी बांधायचा की पाहुण्यानं दोरी ओढली की एका झटक्यात फुलं पाहुण्याच्या टोपीवर. शाळेतनं सुटला, पुढच्या साली बायको गेली, आणि एकुलता महादू इमारतींचं लोखंड बांधायच्या कामाला परदेशात गेला. घरात बापू आणि त्याचा मोबाईल. त्या मोबाईलला तो शेजारणीला हाक मारावी तसा वरडतो, "ए बाई, उद्या कुठल्या देशाचा सण हाय?" ती बाईही बिचारी सांगते.

हे खूळ लागलं ते महादूपायी. पहिल्या साली पोरगं फोनवर म्हणालं, "बापू, हितं वर्षातनं एकच दिवस पुरी सुट्टी. ह्यांचा झेंड्याचा दिवस." बापूनं ती तारीख कॅलेंडरवर लाल केली आणि त्या दिवशी पेढे वाटले. पुढं कंपनीनं महादूला दुसऱ्या देशात हलवलं. दुसरी तारीख लाल झाली. मग तिसरी. दोन वर्षांमागं महादू म्हणाला, "परत हलवत्यात. पोचलो की सांगतो." ते सांगायचं राहूनच गेलं. महिना-दोन महिन्यांतनं मोबाईलवर नुसता अंगठा येतो. देशाचं नाव नाही.

"आता कुठला देश सोडायचा, आबा?" बापू मला म्हणाला, आणि त्यानं सगळं जगच घेतलं.

गल्लीला वाटलं, म्हातारा सुट्टीच्या दिवशी पोराच्या फोनची वाट बघत बसतो. मलाही तसंच वाटलं.

चौदा जुलैला तो किल्ल्यावर जातो. फ्रान्समधल्या लोकांनी त्या दिवशी राजाचा तुरुंग फोडला. बापू आपल्या परंड्याच्या किल्ल्याच्या दारावर तळहातानं तीन थापा मारतो. राखणदार म्हणतो, "बापू, दार उघडंच हाय की, या आत." बापू म्हणतो, "आत कशाला? फोडलं, झालं. लोकं मोकळी झाली!" आणि येताना राखणदाराच्या हातावर पेढा ठेवतो. मोकळी झाली हे तो असं सांगतो, जणू आत्ताच बघून आला.

इंडोनेशियाचा दिवस पंधरा ऑगस्टनंतर दोन दिवसांनी. तिथं खांबाला तेल फासतात, वर बक्षिसं टांगतात आणि माणसं चढतात. बापूनं अंगणात बांबू रोवला, करडीचं तेल फासलं, वर केळीची फणी. चढायला कुणी येईना. समोरचा वाणी ओट्यावरनं म्हणाला, "आबांना जमायचं न्हाय आता." मी धोतर खोचलं. दोन हात चढलो, तीन म्हटलं तरी चालेल. उतरायला मात्र काही करावं लागलं नाही, आपोआपच झालं. आठ दिवस कंबर शेकली. फणी बापूनं घरी आणून दिली. खाली पडणाऱ्यालाच मिळते, तिथली तशीच रीत आहे म्हणाला. ही रीत त्यानं मनानं काढली, पण मी केळी परत केली नाहीत.

एकदा मी चिडलो. म्हटलं, "निवृत्ती, परमुलखाचं लई झालं. आपलं सतरा सप्टेंबर काय वाईट हाय? देश मोकळा झाला तरी आपल्या बापजाद्यांनी आणखी तेरा महिने निजाम सोसला. तिकडं बार्शीवाले पेढे खात होते आन् आपली माणसं हद्दीवरनं बघत होती."

"व्हय की," बापू म्हणाला. "दुसऱ्याची सुट्टी लांबनं कशी बघायची, ते आपल्याला तवापास्नं येतंय."

 

परवा एक डिसेंबरला रोमानिया देशाचा दिवस होता. वेगवेगळे मुलूख एक झाले, तो. तिकडं त्या दिवशी घेवडा खातात, म्हणून बापू दुपारी चुलीपाशी घेवड्याची उसळ करत होता आणि मी बाहेर बाजेवर. मोबाईल माझ्या शेजारी. मला लिहिलेलं लवकर वाचता येत नाही, पण पिवळी टोपी घातलेला महादूचा फोटो मला ओळखू येतो. मनात आलं, हा भोळा कधी फोन करणार नाही, आपणच लावावा आणि पोराची खरडपट्टी काढावी. बाप जगभरचे सण करतोय आन् तुला दोन शब्द जड झाले? फोटोवर बोट दाबलं. घंटी वाजायला लागली.

बापू पळी घेऊनच बाहेर आला. माझ्या हातातनं मोबाईल हिसकला आणि बंद केला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या हातातनं काही हिसकलं नव्हतं.

"काय करताय, आबा? उठवता का त्याला?"

"उठवतो म्हंजी? दुपार हाय. फोनची वाट बघून बघून तूच वाळलास की!"

"फोनची कोण वाट बघतंय?" बापू बाजेच्या कडेला टेकला. पळीतला रस्सा भुईवर गळत होता. "पहिल्या साली त्यानं सुट्टीदिवशी फोन केला, तवा बोलता बोलता डोळा लागला त्याचा. म्या नुसता श्वास ऐकत बसलो. दुसऱ्या दिशी म्हणाला, बापू, सुट्टीला म्या दिवसभर झोपतो, जेवायलाबी उठत न्हाय. तवापास्नं म्या फोन करत न्हाय. कुठल्यातरी देशात सुट्टी असली की मला वाटतं, आज लेकरू निजलंय."

"अरं, पर तो रोमानियात हाय का तरी?"

"नसंल."

त्यानं मोबाईल सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पदराखाली लेकरू झाकावं तसा त्यातच गुंडाळून धरला.

"पर असला तर?"

मग त्यानं ताटं केली. माझा आवाज मोठा आहे, गल्लीच्या त्या टोकाला जातो, आणि मी तो आजवर कुणासाठी कमी केलेला नाही. त्या दिवशी उसळीत मीठ कमी होतं. मी बापूकडं वाकलो आणि अगदी हळू विचारलं, मीठ कुठं ठेवलंय. तोही पाटाचा आवाज न करता उठला.