गेडाम सर आणि मेंदूतलं तुडूम

गेडाम सरांसमोर कुठल्याही पोराला 'ढ' म्हणायची सोय नव्हती. एकदा लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हटलं, तर सर उष्ट्या हाताने उठले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवायला लागले. सगळ्यांचं वरण थंड झालं!

सर आरमोरीच्या कॉलेजात शिकवायचे. आमची भिंतीला भिंत. कशावरही त्यांचं उत्तर एकच, "पेशी कोनतीबी असो बाई, जीन तर सारेच असतात. कोनतं कवा उघडते, थे पाहा!" दूधवाला उशिरा आला, म्हणजे त्याचं उठायचं जीन बंद.

आमची छकुली तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. सासूबाई देवाला साकडं घालून थकल्या, पाहुणे 'मुकी' म्हणून मोकळे झाले, आणि मी मोरीत जाऊन रडून घ्यायची. सरांनी आधी आम्हाला नागपूरला नेऊन तिचे कान तपासून आणले. कान ठणठणीत. मग रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर त्यांचा मुक्काम.

"आपल्या तलावाले तुडूम असते ना, पानी सोडाचं दार? मेंदूची पेशी पिकत जाते, तसे आतले काही जीन बंद होतात, काही उघडतात. आवाज, खेळ, मानसं, याचा बाहेरून निरोप जाते, न् मंग तुडूम उघडते. तुमी रडू नोका, बोलत राहा."

आणि स्वतः काय बोलायचे, बापरे! छकुलीला मांडीवर घेऊन नव्या एसटीडी बूथपासून मोहफुलांपर्यंत सगळं. ती टकमका बघायची, कान माझे किटायचे.

त्या हिवाळ्यात दोन-तीन दिवस सर फिरकलेच नाहीत. छकुलीला घेऊन बघायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं आणि सर तापाने बाजेवर पडलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं माणूस नाही. मी गडवा उचलून पाणी आणायला वळले, तोच मागून आवाज आला.

"ऊठ!"

छकुली त्यांची गोधडी ओढत होती. "ऊठ!"

माझ्या हातून गडवाच सुटला. रडत, हसत मी सरांच्या पाया पडले. "सर, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही हो!"

सर कसेबसे उठून बसले. मग हळूच म्हणाले, "मंगला गेल्यापासून या घरात मले कोनी ऊठ म्हटलंच नाई, बाई."

आणि पुन्हा आडवे झाले, गोधडी तोंडावर ओढून घेतली. आतून म्हणाले, "जरासं थांबा. तिले आनखी एक डाव म्हनू द्या."