एकपात्री प्रयोगातलं दुसरं पात्र

अल्तमशचा प्रयोग एकपात्री होता, आणि तोही ऐनवेळी सुचेल तसा करायचा. संहिता नाही, तालीम नाही. प्रेक्षक विषय ओरडणार आणि हा त्यावर अर्धा तास हसवणार. भवानी पेठेतल्या एका बंद कारखान्याच्या गोदामात हौशी पोरांनी नाट्यमहोत्सव भरवला होता. खुर्च्या भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. अल्तमशचे पाय आनंदानं जमिनीवर ठरत नव्हते.

फक्त पहिल्या रांगेकडे पाहायचं तो टाळत होता. तिथं त्याचे अब्बा, करीमभाई, बसले होते. त्यांचं टॉवेलचं दुकान होतं, आणि अट सरळ होती. "एकदा येतो. मला हसवलंस तर कर तुजं नाटक. न्हाय तर सोमवारपासून दुकानात बसायचं." करीमभाई शेवटचे कधी हसले, हे अम्मीलाही आठवत नव्हतं.

कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच, म्हणून संयोजकांसाठी त्यांनी दुकानातले टॉवेल पिशवी भरून आणले होते. निवेदिता नावाच्या संयोजक मुलीनं त्यांची चळत रंगमंचाच्या कडेला ठेवली.

"बोला, विषय द्या!" अल्तमश ओरडला.

समोर दिसेल तेच लोकांना सुचणार. "टॉवेलचं दुकान!" मागून आवाज आला.

अल्तमश हरखला. ही तर घरचीच गोष्ट! त्यानं अब्बांसारखा चष्मा नाकावर ओढला, "या ताई, बसा, पाणी घ्या," म्हणाला आणि हशा पिकला. मग त्यानं चळतीतला एक टॉवेल झोकात झटकून घडी घातली.

"किनार भाईर ठेव की!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

लोक हसले. अल्तमशनं पुन्हा घडी घातली आणि पुन्हा चुकली.

"अरं, गिऱ्हाइकाला दिसंल काय? आण हिकडं!" दुकानात गादीवर चढताना काढतात तशा चपला काढून करीमभाई रंगमंचावर चढले.

आता तिसऱ्या रांगेतल्या हेमावतीबाईंना वाटलं, विक्रीच सुरू झाली. "ओ भाई, टिकतोय का हा?"

"टिकतोय? तुमचा नातू नवरदेव हुईल, तवा हाच घेऊन न्हाईल!"

"नातू अजून झाला न्हाय की!"

"मग आदी बारका घ्या, बाळाला पुसाय!"

शिट्ट्यांनी गोदाम दणाणलं. "अल्तमश, पिवळा दाव," अब्बा म्हणाले, आणि एकपात्री प्रयोगाचा नट निमूटपणे पिवळा दाखवू लागला. अर्ध्या तासात सत्काराचे सगळे टॉवेल विकले गेले. निवेदितानं संयोजकांच्या हातात नुसते नारळ ठेवले, आणि सोमवारी पुन्हा प्रयोग असल्याचं टाळ्यांच्या गजरात जाहीर केलं.

बाहेर स्कूटरपाशी अल्तमशनं हळूच विचारलं, "अब्बा, तुमी हसला न्हाईत?"

"गिऱ्हाईक म्होरं असताना हसत न्हाईत."

अल्तमशचा चेहरा पडला. सगळं गोदाम हसलं होतं, आणि हसायला हवं होतं तेच एक माणूस राहिलं होतं. "म्हंजे सोमवारपासून दुकानात?"

"व्हय. ही घे चावी."

"आन तुमी?"

"सोमवारी प्रयोग हाय न्हवं माजा? गल्ल्यावर बसून तयारी कशी हुईल?" एवढं बोलून करीमभाई स्वतःच खदाखदा हसत सुटले.

"हसलात! अब्बा, हसलात की!" अल्तमश उड्या मारू लागला. "अट पुरी झाली!"

करीमभाईंनी स्कूटरला किक मारली. "तू कुटं हसवलंस? मी माजा हसलो."