भडभडेबुवांचा तीळ

एका जंगलात एक लाकडाचा बाहुला फार प्रसिद्ध होता. मुलांनो, लगेच हात वर करू नका. जंगल कुठलं, कधीचं, तिथल्या राजाचं नाव काय, हे मला विचारायचं नाही. जंगल होतं, एवढं पुरे. नीट मांडी घालून बसा.

बाहुल्याचं नाव भडभडेबुवा. वर्षातून एकदा पाणवठ्याच्या काठी वनसभा भरे, तेव्हा एक म्हातारा वानर त्यांना मांडीवर घेऊन बसायचा. मागची दोरी ओढली की बुवांचा जबडा टक्कन उघडायचा आणि बुवा मनाला येईल ते बोलायचे. सिंहमहाराजांच्या पणजोबांनी नियमच करून ठेवला होता की बाहुल्याच्या बोलण्याचा राग धरायचा नाही.

मग काय! बुवा भर सभेत म्हणायचे, "महाराज, यंदा आपलं पोट सुटलंय आणि हरणं कमी झालीयत. दोन्हींचा काही संबंध?" सभा खदाखदा हसायची. महाराजांनाही हसावं लागायचं. आणि एवढी शोभा झाल्यावर ते पुढचे काही महिने बेताने जेवायचे.

पुढे वानर वारला. बुवांना वाळवीने खाल्लं. त्यानंतर बारा वर्षं वनसभेत नुसती भाषणं झाली.

या बारा वर्षांत महाराजांच्या मेहुण्याने, म्हणजे तरसाने, पाणवठ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. त्याला सुशोभीकरण म्हणायचं असं ठरलं. बाहेर पाटी लागली: 'पाणी पाहण्याची वेळ सकाळी आठ ते दहा.' पाहण्याची बरं का. प्यायला लहान जनावरांनी टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जायचं. त्या वाटेवर बिबट्या बसायचा. जाताना पाच जणं असली तर येताना चार असायची.

हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण?

अशात महाराजांच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की मोठ्या राजांना वारसा असतो. महाराजांनी लगेच वारसा मागवला. हुकूम निघाला: भडभडेबुवांची हाताने घडवलेली, हुबेहूब प्रतिकृती करा. काम गेलं टोकदेवाकडे.

टोकदेव सुतारपक्षी होता. त्याच्याइतकं लाकूड जंगलात कोणाला कळत नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पिल्लू असताना त्याने वानराच्या खांद्यावर बसून बुवांना जवळून पाहिलं होतं.

त्याच्या झाडाखालच्या बिळात सायाळमावशी राहायची. हुकूम ऐकून ती धापा टाकत बाहेर आली.

"टोक्या, रीत ठाऊक आहे ना तुला? नव्या बाहुल्याचं पहिलं वाक्य घडवणाऱ्याचं असतं."

"ठाऊक आहे की."

"मग एवढंच बोल. महाराज, पाणी सगळ्यांचं आहे, कुंपण काढा. दुसरं काही नको." मावशी म्हणाली. तिचं थोरलं पोर गेल्या उन्हाळ्यात ओढ्यावर गेलं होतं ते परत आलं नव्हतं. धाकटं आता तहानेने रडायला लागलं होतं.

"मावशी, शब्द दिला," टोकदेव म्हणाला. आणि तेव्हा तो मनापासूनच म्हणाला होता, हे मी कबूल करतो.

टोकदेव कामाला लागला. वाळलेल्या पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं. चोचीने टिपून टिपून डोकं कोरलं. डोळ्यांना गुंजा बसवल्या, डावा जरा तिरळा, कारण बुवा तिरळे होते. उजव्या कानाचा टवका उडालेला होता, तोही मोजून उडवला. जबड्याने मात्र त्याला घाम फोडला. पहिला जबडा अडकला. दुसरा नुसताच लोंबला. तिसऱ्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा आला. असे सहा जबडे गेले. सातवा बसवून त्याने दोरी ओढली आणि टक्! अगदी तोच आवाज. टोकदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने बाहुल्याच्या तोंडून वाक्य बोलून दाखवलं. "महाराज, पाणी सगळ्यांचं आहे. कुंपण काढा." सायाळमावशी ऐकत राहिली. मग तिने पाठीचा एक काटा उपटून त्याच्यासमोर ठेवला.

"रंग द्यायला घे," ती म्हणाली. "बारीक काम होईल."

त्या काट्याच्या टोकाने टोकदेवाने बुवांच्या उजव्या गालावर, खाली जबड्याजवळ, काजळीचा तीळ काढला. आणि इथे, मुलांनो, घात झाला.

पाहणीला स्मृती जतन समिती आली. अध्यक्ष बगळा होता, कारण तो पांढराशुभ्र होता आणि एका पायावर कितीही वेळ उभा राहू शकत असे. त्याच्याबरोबर इतिहासाचे जाणकार म्हणून घुबड होतं. घुबडाने बाहुल्याभोवती एक फेरी मारली.

"तीळ चुकलाय," घुबड म्हणालं. "बुवांचा तीळ डाव्या गालावर होता."

"उजव्या!" टोकदेव ओरडला. "मी हातभर अंतरावरून पाहिलाय."

"मीही दर वनसभेला पाहिलाय. माझी फांदी पाण्यावर होती. खाली स्पष्ट दिसायचे बुवा."

म्हणजे घुबडाने कित्येक वर्षं बुवांचं पाण्यातलं प्रतिबिंब पाहिलं होतं. टोकदेवाने हे समजावून सांगितलं. घुबड म्हणालं की पाणी खोटं बोलत नाही. खात्री करायला पाणवठ्यावर जावं, तर पाहण्याची वेळ संपली होती.

दुपारपर्यंत जंगलात दोन तट पडले. डावे तीळवाले आणि उजवे तीळवाले. माकडांनी एकमेकांचे केस ओढले. सशांनी मोर्चा काढला आणि तो वाटेत दोन ठिकाणी फुटला. ज्यांच्या घशाला तीन दिवस कोरड होती तेसुद्धा तिळाच्या घोषणा देत होते. घोषणा द्यायला थुंकी कुठून आणत होते, देव जाणे.

टोकदेव तर पेटलाच. तो खाईना, पिईना. "जीव गेला तरी तीळ हलवणार नाही," असं त्याने झाडावर बसून जाहीर केलं.

"अरे, मेला तीळ कुठे का असेना!" मावशी खालून म्हणाली. "तोंड उघडतंय ना?"

"मावशी, तुम्हाला कलेतलं कळत नाही," टोकदेव म्हणाला.

चार दिवसांनी बगळा एकटाच आला. एक पाय वर घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाला, "टोकदेवजी, समितीने तुमचं म्हणणं मान्य केलंय. तीळ उजवाच."

टोकदेवाची छाती फुगली.

"फक्त एक बारीकशी अडचण आहे. जरा दोरी ओढा बघू."

टोकदेवाने दोरी ओढली. टक्!

"पाहिलंत? तोंड उघडलं की गाल ओढला जातो आणि तीळ गव्हाच्या दाण्याएवढा खाली सरकतो. मग हुबेहूबपणा राहिला कुठे? उद्या ते घुबड म्हणेल, आधी गाल चुकला होता, आता जागा चुकली."

टोकदेवाने पुन्हा दोरी ओढली. तीळ सरकत होता खरा.

"जबड्याला थोडी लाख लावून टाका," बगळा म्हणाला. "तीळ कायमचा जाग्यावर राहील. तुमची कला टिकेल."

टोकदेव विचारात पडला. सात जबडे त्याने घडवले होते, तो टक् आवाज ऐकून रडला होता. पण तीळ उजवा ठरला होता! घुबडाचं नाक कापलं गेलं होतं! त्याने लाख वितळवली आणि बुवांच्या ओठांवर सफाईने फिरवली. त्यातही कुठे ओघळ येऊ दिला नाही, एवढा तो कसबी.

मावशीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "आणि पाण्याचं रे?"

"त्यात काय!" टोकदेव म्हणाला. "महाराजांशी आता माझी ओळख होणार. मी स्वतः सांगेन की, माझ्या तोंडाने. बाहुला कशाला हवा?"

वनसभेचा दिवस उजाडला. कुंपणाला फुलांच्या माळा लावल्या होत्या. बुवांवरचा पडदा महाराजांनी पंजाने सरकवला आणि सगळी सभा एका आवाजात म्हणाली, "हुबेहूब!" तरसाने तर बुवांच्या पाया पडून डोळे पुसले. बुवा काही बोलले नाहीत. बुवा इतके सभ्य कधीच दिसले नव्हते, असं बगळ्याने भाषणात सांगितलं.

महाराज खूष झाले. त्यांनी टोकदेवाला शाल दिली, नारळ दिला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माग. काय हवं ते माग. शब्द देतो."

कुंपणाबाहेर सायाळमावशी पोराला पोटाशी धरून उभी होती. पोराचे ओठ फुटले होते. तिने टोकदेवाकडे पाहिलं आणि टोकदेवानेही तिच्याकडे पाहिलं. ते वाक्य त्याला पाठ होतं, त्यात शब्दही मोजून पाच-सहाच होते.

त्याने चोच उघडली.

"महाराज," तो म्हणाला, "बुवांच्या पायाशी एक पाटी लावावी. त्यावर माझं नाव असावं. आणि खाली लिहावं, तीळ उजवा."

"दिलं!" महाराज म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तरसाने सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या नंतरही टाळ्या वाजवल्या.

परतताना टोकदेव शाल पांघरून मावशीच्या बिळावरून गेला. मावशी पोराला पोटाशी बांधत होती. ओढ्यावर निघाली होती.

"मावशी, पाहिलंत ना? एकाने तरी खोट काढली का?"

मावशीने त्याच्या चोचीकडे नीट निरखून पाहिलं.

"बाहुल्याच्या तोंडाला लाख तू लावलीस," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाला कोणी लावली रे?"

आणि ती टेकडीच्या वाटेला लागली. त्या दिवशी जाताना दोघं होती. येताना किती होती ते टोकदेवाने पाहिलं नाही. तो पाटीवरच्या अक्षरांचं वळण ठरवत होता.

तात्पर्य: मुलांनो, थोरामोठ्यांची आठवण जपताना त्यांचा तीळ कुठल्या गालावर होता याची आधी खात्री करून घ्यावी आणि त्यासाठी प्राण गेला तरी मागे हटू नये. ते काय बोलत होते याच्या भानगडीत पडू नये. बोलताना तीळ हलतो.